अण्णा, हे चार लोकांतच सांगते

अण्णा, नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले तर "बरं बरं, पीस किती झाले?" म्हणून उडवून लावाल. म्हणून इथं लिहिते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्याकडे कामाला आले तेव्हा आमवातानं बोटं सुजली होती. त्याआधी एका मोठ्या फौंड्रीत कोअर शॉपला होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवतात तिथं. सकाळी सातच्या पाळीला माझी मूठच वळायची नाही. या दुखण्यात सकाळी तासभर, कधी त्याहून जास्त सांधे आखडलेले असतात, मग हळूहळू सैल होतात. तिथं एवढंच मागितलं होतं, की पाळी उशिराची द्या, कोअर बॉक्स, म्हणजे त्या गाभ्यांचे जड साचे, उचलणं सोडून काहीही सांगा. "इथं कारखाना आहे बाई, दवाखाना नव्हे," असं उत्तर आलं. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला काढता येत नाही, असं तेव्हा ईएसआय कायद्याचं, म्हणजे कामगार विम्याच्या कायद्याचं, कलम 73 सांगायचं. साहेब कायदा जाणणारे! त्यांनी मला काढलं नाहीच, राजीनामा लिहून घेतला.

तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात: हात किती वाजता चालायला लागतात आणि नजर कशी आहे. गेज, म्हणजे मापाचं हत्यार, लावून तयार पीस तपासायचं काम दिलंत. पगार थोडा कमी, तोही तोंडावर सांगितलात. त्याचं काही नाही.

पण ते स्टूल काही डोक्यातून जात नाही. शॉपमध्ये सगळे उभ्यानं काम करणारे. तुम्ही टेबलाशी उंच स्टूल आणून ठेवलंत आणि मी लाजेनं बसेना. पोरं बघत होती. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. चहाच्या वेळेला आलात, स्वतःच त्यावर बसलात, माझ्या टेबलावर ग्लास ठेवून निवांत चहा प्यायलात, बसल्याबसल्या दोन पीस गेजला लावून बघितलेत. पुढं काही दिवस रोज तेच. त्याला आजारी बाईचं स्टूल म्हणायची कुणाला सोयच उरली नाही.

गंगाराम कांबळे दलित, म्हणून त्यांच्या हॉटेलात लोक चहा प्यायचे नाहीत, तर तिथं शाहू महाराज स्वतः चहा घ्यायचे, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती गोष्ट केवढी, आपली केवढी, मान्य. पण मोठ्या माणसानं आधी स्वतः बसून दाखवलं की बाकीच्यांची तोंडं कशी बंद होतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला आमचे राजीनामावाले साहेबही पुढंच असतात म्हणा.

माझी गोळी आठवड्यातून एकदाच असते. ती मी सुट्टीच्या आदल्या रात्री घेते आणि मळमळ सुट्टीत काढते. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. जुन्या फौंड्रीतल्या माझ्या मैत्रिणीची कंबर गेलीय आणि तिच्यापुढंही तोच कागद ठेवलाय. सही करू नको म्हणून बजावलंय. बुधवारी तिला घेऊन येते, एकदा बघा. नजर माझ्यापेक्षा चांगली आहे तिची.

तुमच्या तपासणी टेबलावरची