आबांचा पाय धुणाऱ्या सिस्टरना

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव या पत्रात नाही. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नावाचं काय करताय? डोस पूर्ण करा." ते झाले. रेबीजच्या लशीचा २८व्या दिवसाचा, शेवटचा डोस परवाच झाला. आता तरी चार ओळी लिहू द्या.

त्या रविवारी पालिकेच्या रुग्णालयात आम्ही आलो ते दमून आणि भांडायच्या तयारीने. सकाळी कोपरखैरण्यात खाडीच्या बाजूला फिरताना आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटरीला कुत्रं चावलं होतं. चांगलंच रक्त आलं होतं. तुमच्यापर्यंत पोचेतो दिवे लागले होते, आणि एवढ्या वेळात त्या पोटरीला एक पांढरंशुभ्र बँडेज सोडलं तर काहीही मिळालेलं नव्हतं.

ते बँडेज बांधणाऱ्यांबद्दल आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं नीट सुचायचं नाही. घराजवळचं क्लिनिक, बाहेर शोभेच्या माशांची काचेची पेटी, आत एसी. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याचा कान कापलेला होता का?" आबा म्हणाले, होता बहुतेक. "मग काळजी नको, लस दिलेलं कुत्रं आहे. दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. मेलं तर या." धनुर्वाताचं इंजेक्शन, मलम, बँडेज, बिल. अहो, कापलेला कान एवढंच सांगतो की कधीतरी त्या कुत्र्याला उचलून नेलं आणि नसबंदी करून परत सोडलं. रेबीजची लस दरवर्षी टोचावी लागते. शेवटची कधी टोचली ते कान बघून कसं कळणार? दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं ते माणसाचे उपचार सुरू करून. आणि खाडीकाठच्या मोकाट कुत्र्यावर लक्ष ठेवायचं कुणी? आबांनी, काठी टेकत?

मग एक मोठं खासगी रुग्णालय. तिथे लस होती, पण जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, नव्हतं. कुठे मिळेल, विचारलं. "आयडिया नाही मॅडम," आणि एक गोड हसू. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि कुत्री नको असणारे यांची जुंपली होती. आबा कसे आहेत हे तिथे कुणी विचारलं नाही. पाटणहून चुलतभावाचा फोन आला, त्याने मात्र उपाय सांगितला: जखमेत तिखट भर.

तुम्ही कागद बघायच्याही आधी विचारलंत, "धुतलं का?"

सकाळपासून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी नाही म्हटल्यावर तुम्ही ज्या नजरेने त्या बँडेजकडे पाहिलंत, ती नजर त्या डॉक्टरांना दाखवायला हवी होती. बँडेज सोडलंत, आबांना बाहेरच्या नळाजवळच्या बाकावर बसवलंत, स्वतः उलट्या बादलीवर बसलात आणि त्यांचा पाय ओढून घेतलात. आबा अवघडले. "अवो ताई, पायाला हात नगा लावू." तुम्ही नळ सोडलात. "बाबा, पंधरा मिनिटं गप बसायचं. घड्याळ समोर आहे, तुम्हीच बघा."

सिस्टर, आबांनी जन्मभर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडीचं काम केलं. पाठीवर गोण्या वाहिल्या. त्यांचे पाय म्हणजे भेगा, गाठी, काळी पडलेली नखं. लग्नकार्यात जावई म्हणून सोडलं तर ते पाय कुणी धुतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तुम्ही साबण लावत होतात, पाणी सोडत होतात, पुन्हा साबण. साडेसात मिनिटांवर तुम्ही थांबला असतात तरी आम्हाला काय कळणार होतं? तुम्ही थांबला नाहीत. मागे रांगेतला एक मुलगा कुरकुरला, "इथे आंघोळी चालल्यात का?" तुम्ही मानही न वळवता म्हणालात, "तुझाही नंबर आहे. पँट वर करून ठेव." रांगेत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

धुता धुताच तुम्ही सगळं सांगितलंत. लाळेतून विषाणू जखमेत येतो, तिथून नसेत शिरतो आणि नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याच्या अंगावर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून उशीर झाला असला तरी धुवायचंच. एकदा का पाण्याला घाबरणं, वारा सहन न होणं सुरू झालं की कुठल्याही इस्पितळात औषध नाही. "कुत्रंच होतं ना? कोल्हा नव्हता?" हेही विचारलंत. मला वाटलं, चेष्टा करताय. पण खारफुटीत कोल्हे आहेत आणि रेबीज त्यांनाही होतो, हे खाडीला खेटून राहूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आबा तेव्हा बोलायला लागले. दिवसभर तोंडातून शब्द नव्हता; मी समजत होते, दुखतंय. लहानपणी गावी पिसाळलेलं कुत्रं चावलेला बैल त्यांनी पाहिला होता. दावं तोडू बघणारा, लाळ गाळणारा. शेवटी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. आणि पोटातली चौदा इंजेक्शनं, त्यांची धास्ती वेगळीच. तुम्ही म्हणालात, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस, २००४ नंतर आपल्याकडे बनवणंच बंद झालं. आता दोन्ही दंडांवर कातडीत एकेक थेंब, आणखी तीन वेळा यायचं, झालं. "गोण्या उचलणारा माणूस एवढ्याशा सुईला भितो होय?" आबा लाजले. मी त्यांना लाजताना फार कमी वेळा पाहिलंय.

पुढचं रीतसर झालं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर प्रकारची ठरवली, इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि भोवती दिलं, लस सुरू केली. त्यांचेही आभार. जखमेत सुई जाताना आबांनी माझा हात असा आवळला की अंगठी रुतली, पण ओरडले नाहीत. तुम्ही बघत होतात ना.

घरी आल्यावर मी वाचत बसले. जगात रेबीजने जेवढी माणसं मरतात, त्यांतली सुमारे ३६ टक्के भारतातली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्यांमुळे होणारे हे मृत्यू २०३० पर्यंत थांबवायचं सरकारने ठरवलंय. ठरवणाऱ्यांनी एखाद्या रविवारी माशांची पेटी असलेल्या त्या क्लिनिकात पोटरी दाखवायला जावं. आपल्याकडे लस आहे, सरकारी रुग्णालयात फुकट आहे, साबण तर घराघरात आहे. मग माणूस मरतो तो "काही होत नाही, दहा दिवस बघू" या वाक्यानेच ना? ते वाक्य किती मऊ आवाजात बोलतात लोक! त्या दिवशी आम्हाला मॅडम, सर म्हणणारे पुष्कळ भेटले. तुम्ही एकट्या खेकसलात. मला तेव्हापासून खेकसणाऱ्या माणसांबद्दल जरा आदरच वाटतो. सगळ्यांबद्दल नाही, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अपवाद आहेत.

आबा आता बरे आहेत. फिरायला जातात, पण काठी घेऊन. इमारतीत कुणाला मांजराने नुसतं ओरबाडलं तरी नळाखाली उभं करतात आणि घड्याळ दाखवतात. वॉचमनच्या मुलाने तर त्यांना "पंधरा मिनिट आजोबा" असं नाव ठेवलंय.

एक काम आहे. तुमच्या त्या नळाशी साबणाची जेमतेम चिपटी उरली होती, हे आबांनी शेवटच्या डोसच्या वेळी हेरलं. काल ते दुकानातून साबणाचा अख्खा खोका उचलून आले, खांद्यावर, सवयीने. तुम्ही भेट म्हणून काही घेणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून म्हणतात, हा नळाला दिलाय. तो कुणाकडे जमा करायचा आणि त्याची पावती लागते का, तेवढं कळवा. सकाळची ड्यूटी असेल तर आबा स्वतः घेऊन येतील.

तुमची,
कोपरखैरण्याच्या आबांची मुलगी