कोटेशनच्या आधी विजेचा पॉइंट बघणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नवा कॉम्प्युटर रोज चालू होतो आणि कॅबिनेटला हात लागला तर झिणझिण्या येत नाहीत. एवढं तुमच्यामुळं झालं.

कॉम्प्युटर घ्यायला तुमच्या दुकानात यायच्या आधी तीन दुकानं झाली. तिन्हीकडं पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ काम काय, हे कुणी विचारलंच नाही. एकानं ‘आय-फाइव्ह आहे’ म्हणून इंटेलचा आय-फाइव्ह ४५७० गळ्यात मारायला काढला. चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा प्रोसेसर! विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. हे त्या दुकानदाराला ठाऊक नसेल असं वाटत नाही. दुसरीकडं कॅबिनेटबरोबर ‘४५० वॉट’चा एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, फुकट. त्याच्या कडेचं स्टिकर वाचलं तर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच जगतात. असलं मशीन महिना-दोन महिने नीट चालतं, मग लोड आला की बंद पडायला लागतं आणि रॅम बदला, बोर्ड बदला हा फेरा सुरू होतो.

तयार घ्यावा की असेंबल करावा, यावर तुम्ही एकच विचारलंत: ‘बिघडला तर उघडून बघणारं घरात कोण आहे?’ कुणी नसेल तर ब्रँडेड घ्या, एका फोनवर माणूस घरी येतो. पण घ्यायच्या आधी आत रॅमचे स्लॉट दोन आहेत का बघा, आणि एसएमपीएसचा जोड नेहमीचा २४ पिनचा आहे की कंपनीचा स्वतःचा, तेही बघा. स्वतःचा असेल तर जळल्यावर त्याच कंपनीच्या दारात जावं लागतं. उघडणारं कोणी असेल तर असेंबल परवडतो, कारण प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. मात्र बिलावर प्रत्येकाचा सिरियल नंबर हवा आणि प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच हवा. सुट्या, ट्रेमधल्या प्रोसेसरला दुकानदार देईल तेवढीच वॉरंटी.

आमचं काम टॅली, फोटो आणि बारावीचा अभ्यास. ते ऐकून तुम्ही स्वतःच्याच कोटेशनमधून ग्राफिक्स कार्डावर काट मारलीत आणि रायझन ५६००जी लिहिलात. ‘जी’ नसलेल्या ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. इंटेलच्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरचंही तेच, कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. रॅम १६ जीबीची एक पट्टी न देता ८ च्या दोन दिल्यात. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन पट्ट्यांनी त्याची वाट रुंद होते. त्या बसवल्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी ही रॅम पूर्ण वेगानं चालवायची सोय चालू केलीत, नाहीतर ३२०० वेगाची रॅम कित्येकदा २१३३ किंवा २४०० वरच रेंगाळते.

हे सगळं जाणकार माणूस सांगेल. पण कोटेशन लिहिता लिहिता तुम्ही मान वर करून विचारलंत, ‘आत्ताच्या मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?’ येत होत्या. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. ‘मग आधी घरचा पॉइंट बघू.’

रविवारी सकाळी तुम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या घरी आलात ते मीटर आणि होल्डरला दोन वायरी लावलेला पिवळा बल्ब घेऊन. अर्थिंगची वायर, म्हणजे अर्थ, तुटलेली असली तरी मीटर कधीकधी व्होल्टेज दाखवून फसवतो, बल्ब फसवत नाही. फेज-न्यूट्रलमध्ये तो लख्ख पेटला. फेज-अर्थमध्ये लावला, विझलेलाच. सॉकेट उघडलं. पुढं भोकं तीन, मागं वायरी दोन. वरच्या मोठ्या, अर्थच्या पिनेच्या स्क्रूवर नुसती धूळ.

एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन बारके कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास उभं राहतं. करंट थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण एचडीएमआय, यूएसबीच्या वायरी चालू मशीनला काढता-लावताना याच्यानं पोर्ट जाऊ शकतात. ब्रँडेड असो की असेंबल, पत्रा दोन्हीचा सारखाच.

एका वायरमननं सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून द्यायची तयारी दाखवली होती. तुम्ही तिथल्या तिथं नको म्हणालात. तसं जोडलं आणि न्यूट्रल कुठं तुटला, की अख्खे २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. पोरं हात लावतात त्याला.

हिरवी वायर ओढून परड्यात अर्थिंगचा खड्डा होईपर्यंत चार दिवस गेले. तेवढे दिवस तुम्ही एक पार्टही विकला नाहीत. गिऱ्हाईक हातचं जाईल ही भीती धंद्यात कुणाला नसते? रविवारच्या फेरीचे पैसेही घेतले नाहीत, चहा तेवढा घेतलात. राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत दुकानं पुष्कळ आहेत, माल सगळीकडं तोच मिळतो. आपल्याकडच्या मालापेक्षा समोरच्याच्या घरातली भिंत आधी बघावी, हे कुणी शिकवत नाही दादा, ते आतूनच यावं लागतं.

जाताना तुम्ही म्हणाला होतात, उन्हाळ्यात खड्डा सुकू देऊ नका, बादलीभर पाणी ओतत जा. काल संध्याकाळी ओतलं. तुमच्यासारखाच पिवळा बल्बही करून ठेवलाय. पेटतो, लख्ख.

तुमचा,
शिवाजी पेठेतला एक गिऱ्हाईक