विन्यास, तुझ्या भोपळ्यांबद्दल

प्रिय विन्या,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच "बरं बरं, ते राहू दे, ऐक ना" करून बोअरच्या मोटरवर गेला असतास, म्हणून लिहायलाच बसलो. इकडे सगळं ठीक. हिची पाठ अधूनमधून धरते, माझं बीपी गोळीवर आहे, बास.

काल रात्री आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

याचा अर्थ तुलाच कळेल, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "अरे वा" म्हणतील आणि मोबाईलमध्ये बघतील. शुगर निघाल्यापासून ती जेवायला बसते ते काढा घ्यायला बसल्यासारखी. एक फुलका, ती मेथी नाहीतर दुधी, आणि हात धुवून मोकळी. डॉक्टरांनी मैदा, रवा, शेवया सगळ्यावर फुली मारली, त्यात शेवया गेल्या तेव्हा ती काही बोलली नाही, पण माळ्यावरचं शेवयांचं मशीन काढून बोहारणीला देऊन टाकलं. मी घरी असतो तर देऊ दिलं नसतं. आणि काल तीच बाई ताट पुढे करून म्हणाली, "अजून थोडं घाल." मग दोन घास खाल्ल्यावर काकूंची आठवण काढून म्हणाली, "मालूला आवडलं असतं." मी आणि ही, दोघंही काही बोललो नाही.

तर हे सगळं तू पाठवलेल्या पोत्यामुळे. स्पॅगेटी स्क्वॉश म्हणून तो आतून शेवयांसारखे धागे सुटणारा भोपळा तू लावलास ना, खरं सांगतो, वहिनी म्हणाल्या तेव्हा मलाही वाटलं की विन्याचं हे पण त्या ड्रॅगन फ्रूटसारखंच जाणार. (त्या ड्रॅगन फ्रूटवर आपण पुन्हा बोलायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे नाही बोलत.) भोपळा ओट्यावर ठेवला आणि आईने लगेच मला हाक मारली, पहिला चिरा पुरुषाने घालायचा म्हणून, तिचे हे नियम अजून चालू आहेत. साल काय टणक आहे रे त्याची. विळीवर तर शक्यच नाही, सुरीचं टोक खुपसून वर टॉवेल धरून दाबत दाबत कापला.

आता नीट वाच, कारण वहिनींनी पाठवलेल्या फोटोत तुमचा लगदा झालेला दिसतोय. तुम्ही उभा कापलात. त्याच्या आतले धागे देठापासून बुडाकडे जात नाहीत, गोल गोल फिरतात, पोटाभोवती. उभा कापला की प्रत्येक धागा मधून तुटतो. आडवा कापायचा, जाड चकत्या करायच्या, मधला बियांचा गर काढायचा, मग लांब धागे निघतात. आम्ही ओव्हनला 200 डिग्रीवर साधारण 40 मिनिटं ठेवला, चकत्या असतील तर थोडं आधीच बघायचं, आणि दुसरा एक चाळणीत नुसता वाफवला, तोही छान झाला, फक्त पाणी जास्त सुटलं. काटा टोचला की आत जायला हवा पण गर दबायला नको, तिथेच थांबायचं. त्यापुढे पाच-दहा मिनिटं गेली की लगदा. आणि मायक्रोवेव्हमध्ये अख्खा घालायचा असेल तर आधी सगळीकडून भोकं पाड, नाहीतर वाफ कोंडून फुटतो, तुझा उत्साह माहिती आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

मग काट्याने कडेकडून ओढलं की धागा सुटतो, पिवळा, किंचित पारदर्शक, दाताखाली कचकन लागणारा. आईने चष्मा वर करून एक धागा बोटात धरला, उजेडात बघितला, म्हणाली जाडीला बरोबर आहे. मीठ लावून रोळीत निथळत ठेवला, नाहीतर फोडणीत पाणी पाणी होतं. मोहरी, कढीपत्ता, मिरची, दाणे, शेवटी लिंबू आणि ओलं खोबरं, शेवयांच्या उपम्याला करतो तेच सगळं. चव म्हणशील तर गव्हाच्या शेवयांची नाही, थोडी गोडसर, पण ती फोडणी लगेच धरते. शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये कर्बोदकं 6-7 ग्रॅम, तेवढ्याच शिजवलेल्या गव्हाच्या स्पॅगेटीत 30 च्या आसपास. डॉक्टरांना विचारलं, म्हणाले खुशाल खाऊ दे, सोबत दही किंवा उसळ असू दे.

शेवयांवरून आठवलं, आमच्या गच्चीवर शेवया भिजल्या ते वर्ष मी विसरलेलो नाही. वळवाचा पाऊस आला तेव्हा राखण तुझी होती. तू आजही म्हणतोस माझी होती. काकू आणि आई दोघींनी सकाळभर वळलेल्या शेवया बाजेवर चिकटून गोळा झाल्या आणि तू खाली कॅरम खेळत होतास. काकू असत्या तर त्यांनीच सांगितलं असतं.

आता खरी काळजी. पोत्यातले भोपळे संपत येणार आणि आई रोज विचारते किती राहिले. तिने मनाशी हिशोब केलाय की पाडव्यापर्यंत पुरवायचे. मला झोपताना पण तेच डोक्यात. हे भोपळे 10 ते 15 डिग्रीला, कोरड्या हवेशीर जागी, दोन-तीन महिने आरामात राहतात. पण पुण्यात 15 डिग्री मिळणार कुठे? आत्ता पहाटे बारापर्यंत उतरतं, दुपारी तीसला जातं, आणि होळी झाली की संपलंच, मार्चअखेर पस्तिशीच्या पुढे. फ्रीजमध्ये अख्खा ठेवायचा नाही, कच्च्या भोपळ्याला 10 च्या खाली थंडी बाधते, आतून मऊ पडतो. ही म्हणाली ठेव की फ्रीजमध्ये, भाजीच तर आहे, त्यावरून आमचं अर्धा तास झालं.

शेवटी मागच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला फळी टाकली. आईने जुन्या साडीच्या चुंबळी करून दिल्या, एकेका भोपळ्याला एक, म्हणजे गडगडत नाहीत आणि एकमेकांना टेकत नाहीत. केळी, सफरचंदं त्या खोलीत न्यायची बंद केली, ती पिकताना जो वायू सोडतात त्याने बाकीची फळं लवकर म्हातारी होतात. रोज हात फिरवून बघतो कुठे मऊ लागतंय का. तुला एक रागावून सांगायचंय, दोन भोपळ्यांचे देठ मुळापासून मोडलेले आले. देठाला धरून उचललास ना? देठ गेला की तिथूनच सड आत शिरते. ते दोन आम्ही आधी संपवले. पुढच्या वेळी दोन-तीन सेंटीमीटर देठ ठेवून कात्रीने काप, आणि नख लावून बघ, सालीवर ओरखडा उठला तर अजून तयार नाही, वेलावर राहू दे.

होळीपर्यंत जे राहतील ते सगळे शिजवून फ्रीझरमध्ये टाकणार. धागे काढायचे, पूर्ण गार करायचे, रात्रभर रोळीत फ्रीजमध्ये निथळायचे, मग एका वेळेपुरते पिशवीत चपटे करून हवा काढून. सहा महिने तरी जातात. बाहेर काढून वितळवत बसायचं नाही, थेट तापलेल्या कढईत. थोडे मऊ पडतात, पण आई म्हणते चालेल. शिजवलेला साध्या फ्रीजमध्ये मात्र तीन-चार दिवसच, आणि कापलेला कच्चा तुकडा गुंडाळून ठेवला तरी तेवढाच टिकतो.

हे सगळं करूनही एप्रिल-मे मोकळाच जातोय. तुला पुन्हा लावायला जमेल का रे? फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाकलंस तर नव्वद-शंभर दिवसांत, मेच्या मध्याला येईल. पाण्याचं तुझं तुला माहिती, ऊन कडक असेल, जमत नसेल तर स्पष्ट सांग, मी आईला समजावेन. पण एक हात जोडून सांगतो, याच भोपळ्यांचं बी धरू नकोस. वहिनी म्हणाल्या शेजारच्या वाफ्यात झुकिनी आणि ते शोभेचे छोटे भोपळे होते. ही सगळी एकाच जातीची भावंडं, मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात. यंदाच्या फळाला काही होत नाही, पण त्यातल्या बीच्या वेलाला कडू फळ येऊ शकतं, आणि तो कडूपणा विषारी असतो, शिजवून जात नाही, कडू दुधीचं असतं तसंच. बांधावरच्या लाल भोपळ्याची भीती नाही, तो वेगळ्या जातीचा. म्हणून नवीन पाकीटच आण, पैसे मी देतो, भांडू नकोस. इथे प्रत्येक भोपळा कापला की आधी कच्चा तुकडा मीच जिभेला लावून बघतो, मग आईच्या ताटात. तुम्हीही तसंच करा.

चिनूचं बारावीचं कसं चाललंय? तिला सांग सीईटीला पुण्यात सेंटर आलं तर सरळ आपल्याकडे यायचं, लॉज वगैरे काही नाही. तुझ्या गुडघ्याचा एमआरआय काढलास का? वहिनींच्या बदलीचं काय झालं तेही लिही.

आई विचारतेय खीर करता येईल का. साखर नाही, गूळ नाही, मग खीर कसली, पण नुसतं दूध आटवून वेलची-जायफळ घालून बघणार आहे रविवारी. वाटीभरच. काकू त्यात काय घालायच्या ते वहिनींना आठवत असेल तर विचारून कळव, आईला आठवत नाहीये आणि त्याने ती अस्वस्थ आहे.

बी टाकतोयस की नाही ते आधी कळव.

तुझा,
नंदू