रिपोर्ट एका गोष्टीचा, जाहिरात दुसऱ्याचीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या छोट्या जाहिरातींत ‘संतानसुख’ आणि ‘मर्दानी ताकद’ एकाच चौकटीत, एकाच मोबाइल नंबरखाली छापून येतात. त्याबद्दल लिहितो आहे.

मी कोल्हापूरजवळ फौंड्रीत भट्टीवर काम करतो. माझ्या वीर्यतपासणीत मिलिलिटरला 40 लाख शुक्राणू निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. संख्या कमी म्हणजे नपुंसकत्व नव्हे, हे डॉक्टरांनी नीट समजावले. डोक्याला पटले, मनाला नाही.

पुढे बायकोची सोनोग्राफी झाली की मूल राहावे म्हणून जवळ यायचे वार चिठ्ठीवर लिहून मिळायचे, मंगळवार नाहीतर गुरुवार. रात्रपाळी आली तर बदलून घ्यायची. मुकादमाला कारण काय सांगणार? त्या रात्री दोघेही परीक्षेला बसल्यासारखे, आणि नेमके तेव्हाच शरीर साथ देईना. एरवी जवळ जायची इच्छाच उरली नाही. नमुना द्यायचा तो लॅबच्या संडासात. कडी नीट लागत नाही, बाहेरून ‘झालं का?’ म्हणून दारावर थाप.

आईला मी सांगून टाकले, ‘कमी माझ्यात आहे, हिला उपास सांगू नकोस.’ ती म्हणाली, ‘कुणाजवळ बोलू नको बाबा.’ सुनेचे नाव चारचौघांत घेताना मात्र हा संकोच नव्हता!

अशा वेळी माणूस त्या चौकटीतला नंबर फिरवतो. भट्टीवरच्या एका सोबत्याने फिरवला. बिनलेबलची पुडी आली, पगार गेला. ताकदीच्या नावाखाली टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतले तर शुक्राणू वाढत नाहीत, उलट घटतात, हे त्याला कोण सांगणार? लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या आपल्याकडे छापल्या जातात.

उपचार करणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. नवऱ्याकडून फक्त नमुन्याची डबी घेऊ नका. त्याला एकट्याला बसवून विचारा: झोप लागते का, इच्छा होते का, ताठरता टिकते का, घरात बोलणे होते का. आम्ही आपणहून सांगणार नाही.

आणि संपादकसाहेब, ती चौकट बंद करा. उत्पन्न बुडेल, हे मला कळते.

आपला,
एक वाचक, जि. कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये.)