गाड्यांना नकोसे झालेले रस्ते

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर लगेच लिहायला बसलो होतो, पण तुझ्या एका वाक्यावर अडलो. ‘सायकल भिंतीवर टांगली आहे आणि ती तिथेच बरी दिसते.’ त्या ट्रकने तुला कडेच्या मातीत उतरवलं तेव्हापासून तुमचा दोघांचा अबोला आहे, हे मला ठाऊक होतं. पण टांगली म्हणजे अगदीच झालं! बरं, त्याच पत्रात शेवटी, सहज सुचल्यासारखं दाखवून, तू विचारलं आहेस, ‘तुला हे डोंगरातले रिकामे रस्ते सापडतात तरी कुठे?’ सायकल खरंच सोडलेला माणूस हे विचारत नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी माझी चूक सांगतो. कित्येक वर्षं मी सुंदर रस्ते शोधत होतो. सुंदर रस्ता सगळ्यांनाच हवा असतो. सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारींची रांग लागते, प्रत्येक वळणावर कोणीतरी दार उघडून फोटोसाठी उतरत असतं आणि आपण त्या दारांमधून जीव मुठीत धरून वाट काढत असतो. आता नकाशा उघडला की मी उलटा प्रश्न विचारतो. यातला कुठला रस्ता गाड्यांना नकोसा झाला आहे? गाडीवाल्याला घाई असते. त्याला लांबचं नको, वाकडं नको, अरुंद तर नकोच. त्याने जे टाकलं ते आपलं.

आल्प्समधली गोटहार्ड खिंड बघ. उंची २१०६ मीटर. दक्षिणेकडून तिथे चढणारा जुना रस्ता आहे, त्याचं नाव त्रेमोला. ग्रॅनाइटच्या दगडांची फरसबंदी, एकावर एक रचल्यासारखी वळणं आणि त्यांना तोलून धरणाऱ्या दगडी भिंती. एके काळी खिंड ओलांडायची तर हाच मार्ग. मग शेजारून रुंद रस्ता झाला आणि १९८० साली डोंगराच्या पोटातून जवळजवळ १७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. ट्रक, मालवाहू गाड्या, घाईतली माणसं, सगळी बोगद्यात शिरली. आणि त्रेमोला आयता सायकलवाल्यांच्या पदरात पडला. नकाशावर मी त्या रेघेवरून इतक्यांदा बोट फिरवलं आहे की डोळे मिटून वळणं सांगेन.

तेव्हा बोगदा, नवा पूल, बायपास असं काही दिसलं की त्याच्या आसपास एखादी बारीक, वाकडीतिकडी रेघ शोधायची. बहुतेक वेळा ती असतेच. रस्ते सहसा मोडून टाकत नाहीत, नुसते विसरतात.

दुसरा प्रकार पुढे कुठेच न जाणाऱ्या रस्त्यांचा. धरणाच्या भिंतीपाशी, एखाद्या मनोऱ्यापाशी किंवा शेवटच्या वस्तीत संपणारे. पलीकडे जायचंच नसल्यामुळे तिथून जाणारी गाडी फक्त तिथलीच असते. आपल्याला मात्र कुठे पोचायचंच नसतं, त्यामुळे आपलं काही अडत नाही. याला अपवादही आहेत. स्पेनच्या माजोर्का बेटावरचा सा कालोब्राचा रस्ता असाच समुद्राशी जाऊन संपतो. साधारण साडेनऊ किलोमीटर, सरासरी ७ टक्के चढ (म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर), आणि एका ठिकाणी तर रस्ता टायच्या गाठीसारखा स्वतःच्याच खालून जातो. आधी उतरायचं आणि मग तेवढंच चढून परत यायचं, दुसरी वाटच नाही. पण खाली समुद्रकिनारा असल्याने दिवसा पर्यटकांच्या बस येतात, म्हणून जाणते सायकलवाले बस यायच्या आत, भल्या पहाटे तो उरकतात.

यावरून एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. शांतता जितकी रस्त्याची असते तितकीच वेळेचीही असते. सकाळी साडेसहाचा रस्ता आणि अकराचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत, नकाशा दोघांना एकच नाव देतो एवढंच. अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कमधून ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा रस्ता डोंगरावर चढतो. उन्हाळ्यात तिथे गाड्यांची झुंबड. पण वसंतात बर्फ काढण्याचं काम चालू असतं, तेव्हा मोटारींना फाटक बंद असतं आणि साफ झालेल्या भागात सायकली आणि पायी माणसं जाऊ शकतात. तोच रस्ता, तेच डोंगर!

आणि चढाचं नाव काढताच तुझे गुडघे कुरकुरतात म्हणून तिसरा प्रकार: बंद पडलेले रेल्वेमार्ग. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर फारशी पकड मिळत नाही, म्हणून साधी आगगाडी दोन-तीन टक्क्यांपलीकडचा चढ टाळते. रूळ उखडले की डोंगरातून हळूच वर जाणारी वाट मागे उरते, बोगदे आणि पूल फुकट. इटलीतलं त्रिएस्त ते क्रोएशियातलं पोरेच ही १२३ किलोमीटरची छोटी रेल्वे १९०२ साली सुरू झाली, १९३५ साली बंद पडली. आता तीच ‘पारेंझाना’ नावाची सायकलवाट आहे. फक्त अशा वाटांवर पुष्कळदा डांबर नसतं, खडी असते. तुझ्या त्या बारीक टायरांवर हाडं खिळखिळी होतील. आणि खरं सांगू? मला त्या थोड्या कंटाळवाण्या वाटतात. चढ आहे की नाही तेच कळत नाही.

आता नकाशा कसा वाचायचा ते. उपग्रहाच्या चित्रात आधी रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आहे का बघ. रेघ नसेल तर तो बहुधा एका गाडीच्या रुंदीचा रस्ता, म्हणजे आपल्या कामाचा. मग उंचीच्या रेषा बघ. त्या एकमेकींना चिकटल्या आणि रस्ता त्यांना सरळ छेदत गेला की समज, तिथे घाम निघणार. रस्ता त्यांच्या कडेकडेने जात असेल तर निवांत. सरासरीवर मात्र विश्वास ठेवू नकोस. ‘सरासरी ५ टक्के’ म्हणजे एक किलोमीटर सपाट आणि पुढचा १० टक्के असंही असू शकतं. आणि ॲपने सुचवलेला जवळचा रस्ता घेऊ नकोस. मागच्या वर्षी मी घेतला. डांबर संपलं, मग खडी संपली, मग वाटही संपली, आणि पुढचे दोन तास मी सायकलवर नव्हतो, सायकल माझ्यावर होती. घरी येऊन उपग्रहाचं चित्र मोठं करून पाहिलं तर रस्ता कुठे संपतो ते स्पष्ट दिसत होतं. निघण्याआधी पाच मिनिटं काढली असती तर!

चढाची भीती घालवायला मला एका साध्या हिशेबाची मदत झाली. डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही, किती मीटर वर जायचं तेवढंच बघायचं. तुझं आणि सायकलचं मिळून वजन ८५ किलो धरू (रागावू नकोस). पायांतून टिकून दीडशे वॅट निघत असतील तर तासाला साधारण साडेपाचशे मीटर उंची चढून होते. थांबत, पाणी पीत गेलास तर पाचशे धर. म्हणजे हजार मीटर चढाचा रस्ता असेल तर नुसत्या चढाला दोन तास, मग रस्ता वीस किलोमीटरचा असो की चौदाचा. हे एकदा डोक्यात बसलं की ‘अजून किती राहिलं’ ही तगमग थांबते.

तासाला पाचशे मीटर म्हणजे ७ टक्क्यांच्या चढावर वेग ताशी सातच्या आसपास. इथे गिअरचा प्रश्न येतो. पुढे ३४ दातांची चक्री आणि मागेही ३४ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे साधारण २.१ मीटर. ताशी सातच्या वेगाला मिनिटाला पंचावन्न फेरे पडतात, ते गुडघ्यांना सोसतं. मागे २८ च दात असतील तर फेरे शेचाळीसवर येतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर. हलका गिअर लावायला आपल्यात अजूनही लोक लाजतात, कमाल आहे. ही लाज जुनीच. टूर द फ्रान्स सुरू झाली १९०३ साली, पण शर्यतीत डिरेलर गिअर, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे गिअर, वापरायची मुभा मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर बिचारे आल्प्स आणि पिरेनीज तसेच चढत होते. आपल्याला कोण बक्षीस देणार आहे? लाव हलका गिअर.

उताराबद्दल जरा बजावून सांगतो, कारण रिकामा रस्ता म्हणजे निर्धोक रस्ता हा समज मी स्वतः आपटून घालवला. वर्दळीच्या रस्त्यावर गाड्यांची चाकं बारीक खडी कडेला लोटतात. रिकाम्या रस्त्यावर ती मधोमध पडून राहते, आणि नेमकी वळणावर. सावलीच्या बाजूला शेवाळ, ओली पानं. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. सतत दाबून ठेवायचा नाही. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. जोरात दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. आणि तिथला रोजचा गाडीवाला समोरून कोणी येईल हे धरूनच चालत नाही, तो आंधळं वळण अख्ख्या रस्त्यावरून घेतो. म्हणून उतरताना आपली बाजू सोडायची नाही, कितीही मोह झाला तरी. चढताना मात्र समोर लांबवर मोकळं दिसत असेल तर वळण बाहेरच्या कडेने घे. आतल्या कडेला चढ उभा असतो, बाहेरून सौम्य लागतो.

दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. वर घामाने ओला आणि खाली वारा अंगावर घेत उतरणं म्हणजे हुडहुडी ठरलेली, तेव्हा एक पातळ जाकीट खिशात कोंब. दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, जास्तीचं पाणी. तिथे पंक्चर झालं तर ‘दादा, जरा थांबा’ म्हणायला कोणी नसतं, फोनलाही रेंज नसते. हीच तर गंमत आणि हीच तर अडचण. घरी कोणत्या वाटेने जाणार ते सांगून निघायचं.

तुझ्या ट्रकबद्दल मी काही समजावणार नाही. मलाही मागून मोठं इंजिन ऐकू आलं की खांदे आपोआप आखडतात. पण त्या रिकाम्या रस्त्यांवर चढताना तासाभराने कधीतरी लक्षात येतं की आपण मागचं काही ऐकतच नाही आहोत. आपला श्वास, साखळीची करकर, कुठेतरी वाहतं पाणी. माझी साखळी इतकी वाजते हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. घरी येऊन तेल घातलं.

तुझ्यासाठी एक वाट काढून ठेवली आहे. जुना घाट, शेजारून नवा रस्ता गेलेला, एकूण ४१ किलोमीटर, चढ ६२० मीटर. एका जागी सातशे मीटरभर ११ टक्के आहे, तिथे हवं तर उतरून चालू, मीही चालतो. उजाडायच्या आधी निघायचं आणि गाड्या यायच्या आत परत. ती वाट तुला झेपेल की आधी दुसरी एखादी सोपी घ्यायची, ते मात्र एका गोष्टीवर ठरेल. सायकल खुंटीवरून काढ, मागचं चाक फिरवून बघ, आणि सगळ्यात मोठ्या चक्रीला दात किती आहेत ते मोजून कळव.

तुझाच,
चढावर नेहमी मागे पडणारा