राख कुठे पुरायची यावर भांडताय, खड्डा कसा बांधताय तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा विषारी कचरा जाळून जी राख उरलीये तिच्यावर तुमच्याकडे जे काही छापून येतं ते मी वाचतो, इंदूरला राहतो त्यामुळे तो कचरा जिथे जाळला ते पिथमपूर आमच्या दारातच आहे म्हणा ना. पण सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून चाललीयेत, ती म्हणजे पुरायचं कुठे. कसं पुरायचं यावर कोणी बोलायलाच तयार नाही. मी सिव्हिलवाला, लायनिंगची, म्हणजे खड्ड्याला अस्तर घालायची कामं केलीयेत, म्हणून लिहितोय. पत्र लांबेल, कापलंत तरी चालेल, पण वेल्डिंगचा भाग तेवढा कापू नका.

आधी थोडं मागचं. 1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळहून 12 कंटेनर निघाले, 337 टन माल, दुर्घटनेला 40 वर्षं झाल्यावर. हा माल नको म्हणणाऱ्यांची रांग केव्हापासूनची आहे, अंकलेश्वरला जाळायचं ठरलं तर गुजरात नको म्हणालं, नागपूरजवळ डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) भट्टीचं नाव निघालं तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला, 2012 मध्ये जर्मनीला न्यायचं बोलणं झालं तेही फिसकटलं. शेवटी आला आमच्याकडे. पिथमपूरला लोकांनी बंद पाळला, लोकसभेच्या माजी अध्यक्ष सुमित्राताई महाजनांनी सुद्धा काळजी बोलून दाखवली, तरी जूनअखेरपर्यंत सगळं जाळून मोकळे. आता राहिली राख, आणि ती 800 टनांच्या वर! 337 चे 800 कसे काय असं मला सोसायटीतले लोक विचारतात. अहो, भट्टीतून निघणारे आम्ल वायू मारायला चुना वगैरे घालावा लागतो, तो सगळा अवशेषात येतो. आणि पारा, शिसं असले धातू जाळून नाहीसे होत नसतात, कीटकनाशक जळतं पण धातू एक तर राखेत राहतो नाहीतर धूर गाळताना पकडला जातो आणि तो गाळलेला मालही शेवटी खड्ड्यातच. म्हणजे भट्टीने काम संपवलेलं नाही, ते खड्ड्याच्या गळ्यात टाकलंय.

आता खड्डा. शेततळं बघितलेल्याला लगेच कळेल, तिथे 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरतात, इथे तसाच एचडीपीई प्लास्टिकचा पण 1.5 मिलिमीटरचा, म्हणजे तिप्पट जाड. साध्या शहरी कचऱ्यासाठी 2016 च्या नियमांत सुद्धा हाच कागद सांगितलाय आणि त्याच्याखाली 90 सेंटिमीटर चिकणमातीचा थर, जिची पाझरक्षमता सेकंदाला 10⁻⁷ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. हा आकडा वाचून कोणाला काही बोध होत नाही, म्हणून असं समजा की साधारणपणे त्या मातीतून पाणी वर्षाला 3 सेंटिमीटर खाली सरकेल, बस. शिवाय भूजल त्या मातीच्या तळापासून निदान 2 मीटर खाली पाहिजे. घातक कचऱ्याच्या सेलला, म्हणजे पुरायच्या खड्ड्याला, असं दुहेरी अस्तर करतात आणि दोन अस्तरांच्या मध्ये निचऱ्याचा एक थर ठेवतात. हा मधला थर फार महत्त्वाचा, त्यावर पुढे येतो.

आमच्या माळव्यात काळी माती भरपूर, लोकांना वाटतं मग काय, फुकटचं अस्तर. काळी माती पाणी धरते खरी, पण वाळली की भेगा पडतात हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणून ती नुसती पसरून भागत नाही, योग्य ओलाव्यावर थराथराने टाकून शीपफूट (खुंट्यांच्या) रोलरने दाबायची, कुठे कमी पडली तर बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती मिसळायची आणि दाबून झाली की उन्हात पडू न देता लगेच वर कागद. ठेकेदाराचं बिल अडकलं, कागदाचे रोल पंधरा दिवस उशिरा आले, की खालची माती गेलीच कामातून, वरून मात्र काहीच दिसत नाही.

आणि वेल्डिंग! कागद काही अख्खा येत नाही, रोल येतात, त्यांच्या कडा एकमेकांवर चढवून गरम वेजच्या (पाचरीच्या) मशीनने जोडतात, दोन समांतर पट्टे वितळतात आणि मध्ये हवेची बारीक नळी राहते. त्या नळीत सुई घालून साधारण 2 किलो प्रेशर भरायचं आणि पाच मिनिटं काटा बघायचा, पडला तर सांधा फेल. जिथे मशीन जात नाही, कोपरे, पाइपाच्या भोवती, तिथे हाताने एक्स्ट्रूजन वेल्ड करून, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक भरून, वर हवा ओढून घेणारा व्हॅक्यूम बॉक्स लावून साबणाचे बुडबुडे बघतात. रोज सकाळी कामाआधी ट्रायलचा तुकडा जोडून ओढून तोडून बघायचा असतो, सांध्याच्या बाहेर तुटला तर बरं. यातलं प्रत्येक रजिस्टरमध्ये लिहितात, सांधा नंबर, वेल्डर कोण, मशीनचं टेम्परेचर, वेळ. एका साइटवर (नाव नको) मी भर दुपारी दोनला कागद झाकताना पाहिलाय, उन्हाने फुगून नुसत्या सुरकुत्या, आणि सुरकुतीखाली माती आणि कागदाची गाठ पडत नाही, एक भोक पडलं तर पाणी आडवं पसरत जातं. हे काम सकाळी थंडपणीच करायचं असतं पण तारखेची घाई.

तरी एवढं सगळं नीट केलं तरी भोक शून्य असं नसतं, कोणीही शपथेवर सांगू नये. म्हणून खरी भिस्त निचऱ्यावर. वर खडीचा थर, त्यात भोकं पाडलेले पाइप, एका कोपऱ्यात सम्प (पाणी गोळा व्हायचा खळगा) आणि पंप, अस्तरावर 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी साचू द्यायचं नाही. पंप बंद ठेवून लाइट वाचवली की अस्तरावर दाब वाढला, बाकी बांधकाम कितीही भारी असो. आणि तो मधला थर सांगितला ना, त्याच्या सम्पात पाणी यायला लागलं याचा अर्थ वरचं अस्तर गळतंय. ते किती लिटर येतं हा एकच आकडा गावाला खरं काय ते सांगू शकतो, विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट त्यामानाने फार उशिरा बोलतो, तोवर जे जायचं ते गेलेलं असतं.

पिथमपूरला 2008 साली कार्बाइडचाच 40 टनांच्या आसपास चुन्याचा गाळ पुरलाय. त्या सेलच्या मधल्या सम्पाचे आकडे शेजारच्या तारपुरा गावच्या लोकांच्या हातात का देऊ नयेत? आम्ही इंदूरवाले 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून मिरवतो, देवगुराडियाचा कचऱ्याचा जुना डोंगर साफ केला ते चांगलंच केलं. पण हे 800 टन काही उपसून कंपोस्ट करता येणारे नाहीत.

वस्तीजवळ नको या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण उद्या दुसरी लांबची जागा सापडली की सगळे खूष होऊन घरी जातील आणि तिथे सांधे कोण तपासतंय हे बघायला कोणी नसेल, ही माझी भीती आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी, तुमच्याकडेही असे सेल आहेतच की.

तर विनंती एवढीच की तुमच्या बातमीदाराला ऑफिसरची बाइट घेऊन परत पाठवू नका, त्याला सांध्यांचं टेस्ट रजिस्टर, मातीच्या पाझराचे लॅब रिपोर्ट आणि मधल्या सम्पाचं दर आठवड्याचं रीडिंग मागायला सांगा. लागलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, मसुदा मी फुकट करून देतो.

आपला,
एक सिव्हिलवाला वाचक, इंदूर