वरच्या खोलीच्या एसीबद्दल आई-बाबांना पत्र

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

वरच्या खोलीसाठी दीड टनाचा स्प्लिट एसी आणून ठेवला आहे आणि कोणालाही न बोलावता तो घरीच बसवण्याचा बाबांचा विचार आहे, असे आईकडून समजले. फोनवर या विषयावर आपण दोघेही लवकर तापतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. भिंत, वायरिंग आणि पाण्याचा निचरा ही कामे बाबांनीच करावीत; साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाइतकी नेटकी ती दुसरा कोणी करील असे मला वाटत नाही. मात्र तांब्याच्या नळ्या जोडणे, त्यांतील हवा खेचून काढणे आणि गॅस सोडणे हे व्हॅक्यूम पंप बाळगणाऱ्या मेकॅनिककडून करून घ्यावे, आणि तो ते करत असताना बाबांनी त्याच्या शेजारीच उभे राहावे.

बाबा, एसी घरच्या घरी बसवता येतो असे दाखवणारा जो व्हिडिओ तुम्ही पाहिलात तो खोटा नाही, पण तो अमेरिकेतला आहे. तिकडे काही कंपन्या खास घरमालकाने स्वतः बसवण्यासाठी असे एसी विकतात. त्यांच्या नळ्यांमध्ये कारखान्यातच गॅस भरून तोंडे बंद केलेली असतात आणि त्या नुसत्या पान्याने आवळल्या की काम होते. आपल्याकडे खोक्यात मिळतात त्या नळ्या रिकाम्या असतात. गॅस आउटडोअर युनिटमध्ये कोंडलेला असतो आणि त्याचा व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी नळ्यांतली हवा आणि ओल काढून टाकणे ही बसवणाऱ्याची जबाबदारी असते.

आधी तुमच्या वाट्याच्या कामांविषयी. आपले घर सांगलीच्या गावभागात आहे, हे विसरून चालणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली होती, जिथे धोक्याची पातळी 45 फूट धरली जाते, आणि त्या पाण्याची खूण आपल्या ओसरीच्या भिंतीवर अजून आहे. म्हणून आउटडोअर अंगणात ठेवण्याचा आईचा आग्रह, तुळशीपाशी जागा मोकळी असली तरी, मान्य करू नये. ते वरच्या सज्जाच्या भिंतीवरच बसवावे, आणि एसीचा एमसीबीही खालच्या जुन्या बोर्डात न घालता वर स्वतंत्र घ्यावा. मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वेगळी ओढावी, 20 अँपिअरचा एमसीबी लावावा आणि अर्थिंग नुसते जोडलेले नसून चालू आहे ना, ते तपासावे. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तोही पाहून घ्यावा.

आपल्या भिंती जुन्या, विटा आणि चुन्याच्या आहेत, त्यामुळे नेहमीचे अँकर बोल्ट त्यांत धरणार नाहीत. आउटडोअरचे वजन तीसेक किलो असते आणि त्यात कॉम्प्रेसरची थरथर चालूच राहते; तेव्हा बोल्ट भिंतीच्या आरपार काढून आतल्या बाजूने लोखंडी पट्टीवर आवळणे योग्य ठरेल. नळ्यांचे भोक हॅमरने फोडू नये, कोअर कटिंगचे मशीन भाड्याने आणावे. भोक साधारण 65 मिलिमीटरचे असावे आणि बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर उतरते असावे, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत येईल. निचऱ्याच्या पाइपला कुठेही उलटा चढ देऊ नये आणि त्याचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नये. आई, ते पाणी झाडांना खुशाल घाल, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नकोस. शेजारी कितीही सांगोत, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश असतो.

आता नळ्यांविषयी, कारण काम बिघडते ते इथेच. दीड टनाच्या एसीला बहुधा एक पाव इंची आणि एक अर्धा इंची नळी असते. नळी हॅक्सॉने कापली की कडेला कीस उरतो आणि तो आत गेला तर थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो. म्हणून ती कटरने कापतात, आणि आतली कड साफ करताना नळीचे तोंड जमिनीकडे धरतात, म्हणजे कीस बाहेर पडतो. त्यानंतर आधी नट सरकवून मग तोंड कर्ण्यासारखे फाकवायचे, यालाच फ्लेअर म्हणतात. हा फ्लेअर सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचा आणि आतून आरशासारखा गुळगुळीत हवा. त्यावर नखाला लागेल इतकी रेघ असली तरी तो कापून नवा काढावा लागतो. आवळताना दोन पाने लागतात आणि जोर मोजूनच लावावा लागतो. पाव इंची नटाला साधारण 15 ते 18 न्यूटन-मीटर पुरतात, तर अर्ध्या इंचीला त्याच्या जवळजवळ तिप्पट लागतात. हाताच्या अंदाजाने आवळलेला नट एक तर गळतो, नाही तर फ्लेअर चिरडतो.

बरेच मेकॅनिक पंप आणतच नाहीत. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून त्याच्या फुंकरीने नळ्यांतली हवा हाकलतात आणि पाच मिनिटांत मोकळे होतात. एसी त्या दिवशी गारही होतो, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार होते आणि ते मोटरच्या वेटोळ्यांवरचे आवरण हळूहळू खाते. त्यामुळे पंप अर्धा तास तरी चालवायला लावा, नळीत किती हवा उरली ते दाखवणारा मायक्रॉन मीटर असेल तर 500 च्या खाली आकडा पाहा, आणि पंप बंद केल्यावर काटा पुन्हा चढत नाही ना, हे दहा-पंधरा मिनिटे थांबून पाहिल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या ॲलन कीला हात लावू देऊ नका. वॉरंटीच्या दृष्टीनेही मेकॅनिकची सही असलेला कागद घरात असलेला बरा.

तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची कामे करताना अमोनिया गळला तर नाकच सांगते. या एसीतल्या आर-32 ला वास नाही, शिवाय तो सौम्य ज्वलनशील आहे आणि ज्वाळेच्या संपर्कात आला तर विषारी वायू तयार होतो. साबणाच्या फेसाने सांधे तपासून होईपर्यंत त्या खोलीतल्या देवघरातली समई लावू नये. आई, हे काम तुझ्याकडे. बाबांना सज्जाबाहेर शिडीवर चढू न देण्याचे कामही तुझ्याकडेच.

एसी बसला तरी वर पत्रा आहे तोवर दुपारी त्याला फार राबावे लागेल. पत्र्याखाली इन्सुलेशनसह फॉल्स सीलिंग आधी घातले तर बरे होईल, कारण इनडोअर युनिटची उंची त्यावरूनच ठरेल. युनिटच्या वर हवा ओढण्यासाठी सुमारे 15 सेंटिमीटर जागा मोकळी लागते. सीलिंगचे नक्की होईपर्यंत भोक पाडण्याची घाई करू नये.

सज्जाकडच्या भिंतीची जाडी मोजून कळवावी. आरपार जाण्याइतके लांब बोल्ट तिकडे शोधत बसण्यापेक्षा मी येताना इथूनच कापून आणीन.

आपली,
धाकटी